तारांच्या मधातला गज

किसनराव ठोंबरे सरांच्या मते वर्धा जिल्ह्यात सुरात असलेला माणूस एकच होता, आणि तो त्यांना रोज सकाळी दाढी करताना आरशात भेटत असे.

बाकी सगळा जिल्हा बेसूर. ऑटोंचे भोंगे बेसूर, एसटी स्टँडवर गाड्या पुकारणारा बेसूर, लग्नातल्या डीजेला तर ते आवाजातही धरत नसत. घरी मनकर्णाबाईंच्या कुकरची तिसरी शिट्टी पहिल्या दोघींपेक्षा किंचित उतरते, म्हणून या गृहस्थाने बायकोला दोन कुकर बदलायला लावले होते. तिसराही तसाच निघाला तेव्हा मनकर्णाबाई म्हणाल्या, "आता बायकोच बदला." तेव्हा कुठे ते गप्प बसले.

शाळेत त्यांनी चौतीस वर्षं व्हायोलिन शिकवलं. मूळ गाव वडनेर, घरची शेती. पण वर्ध्याला शिकायला आल्यावर त्यांनी सगळ्यात आधी टाकलं ते 'मले-तुले'. पुढे ते इतकं शुद्ध बोलू लागले की भाजीवालीसुद्धा बाहेरगावचे पाहुणे समजून त्यांना भाव वाढवून सांगे.

त्यांच्या कानात मात्र खोट नव्हती, हे कबूल करायला हवं. व्हायोलिनच्या तारा ते अशा जुळवत की दोन तारा एकदम छेडल्या तर मिळून एकच आवाज यावा, त्यात केसाएवढी थरथर उरू नये. त्याला कार्यक्रमाआधी वीस-वीस मिनिटं लागत, आणि तेवढ्यात लोक बाहेर जाऊन, चहा पिऊन, तंबाखूचा खर्रा घोटून परत येत. कार्यक्रम संपल्यावर कोणीतरी जवळ येईल आणि म्हणेल, 'सर, आज सूर किती सुंदर लावला होता!' या एका वाक्याची किसनरावांनी चाळीस वर्षं वाट पाहिली. लोक जवळ येत, नाही असं नाही. पण म्हणत, "सर, जराशी गाडी बाजूले घ्या बरं, माही स्कूटर अडकली." गाढवापुढे वाचली गीता, असं पुटपुटत सर गाडी बाजूला घेत.

अशा माणसाच्या हातात जिल्ह्याच्या संगीत मंडळाने अठरा वर्षांपूर्वी एक पितळी घंटा दिली. मंडळ दर जानेवारीत जिल्ह्यातल्या तरुण वादकांची स्पर्धा घेई, आणि जो पहिला येई तो नागपूरच्या मोठ्या स्पर्धेला जाई. सर मुख्य परीक्षक. नियमही सगळे त्यांनीच लिहिलेले. प्रत्येकाला आठ मिनिटं. ती मंचावर बसल्यापासून मोजायची, वाद्य लावण्याचा वेळ त्यातच. "स्टेजवर तारा पिळत बसणं म्हणजे पाहुण्यांसमोर भांडी घासणं," असं ते म्हणत. स्वतःची वीस मिनिटं ही साधना होती, तिला हा नियम लागू नव्हता. घंटा वाजली की थांबायचं, आणि वादन अपुरं राहिलं तर पाच गुण कापायचे. एकदा एका पोराला त्यांनी समेच्या एकच मात्रा आधी थांबवलं होतं. ते पोर रडत खाली उतरलं, आणि सर आठवडाभर ही गोष्ट कौतुकाने सांगत फिरले.

यंदा स्पर्धेच्या सकाळी मंडळाचा सचिव गोपाल यादी घेऊन त्यांच्यापाशी आला.

"सर, आठ नंबरले एक पोरगी आहे. कारंज्याकडची. तिचं वाद्य एकदा पाहून घेजा बरं. मले तं काही समजून नाई राह्यलं."

फॉर्मवर लिहिलं होतं : रिंकू कुमरे, वय पंचवीस, वाद्य इलेक्ट्रिक अर्हू.

"काय हू?"

"अर्हू. चीनचं आहे म्हनते. दोनच तारा असते, गजानं वाजवतेत. अन् हे करंटवरचं आहे."

किसनराव हसले. त्यांचं हसू नाकातून येई. "चिनी, त्यात विजेवरचं. पुढच्या वर्षी कोणी मिक्सर घेऊन बसेल."

"ऐकून तं पाहू, सर," शेजारच्या शोभाबाई म्हणाल्या. त्या दुसऱ्या परीक्षक, भजनं गात. किसनराव त्यांच्याबद्दल 'मनाने चांगल्या आहेत' असं सांगत. ज्यांच्या गळ्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही, अशांना ते या खात्यात टाकत.

स्पर्धेत वयाची अट पंचविसापर्यंतचीच होती. म्हणजे या पोरीची ही पहिली खेप आणि तीच शेवटची. हे सरांनी वाचलं, आणि एक ब्याद पुन्हा येणार नाही म्हणून त्यांना बरंच वाटलं.

गोपालने माईकवरून परीक्षकांची ओळख करून दिली, 'ज्यांच्या कानाले जिल्ह्यात तोड नाई असे आपले ठोंबरे सर' वगैरे. टाळ्या अगदीच बेताच्या पडल्या. मग एकामागून एक पोरं मंचावर येऊन गेली. हिंगणघाटच्या अंकुशने कीबोर्ड वाजवला. त्याने एक बटण दाबलं की तबला आपोआप चाले, दुसरं दाबलं की बासऱ्या. सरांना अंकुशची एवढी चीड आली की त्यांनी कागदावर 'यंत्र चांगले आहे' असा शेरा लिहिला. पण अंकुश आठ मिनिटांच्या आत संपला होता, आणि चुकलाही नव्हता, कारण चुकण्यासारखं सगळं काम त्याने यंत्राकडे दिलं होतं.

मधल्या सुट्टीआधी सरांनी त्या पोरीला समोर बोलावलं. रिंकू कारंज्याला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. तिच्या पिशवीच्या कप्प्यात बारीक पेचकसांचा संच दिसत होता. सोबत पिवळा फेटा बांधलेला म्हातारा होता, तिचा आजा गोमाजी.

"हे कुठे शिकलीस?"

"मोबाईलवर पाहून, सर. अन् आज्यापासून. आजा किंगरी वाजवते न. हेही तसंच मांडीवर उभं धराचं असते, तसाच गज. म्हनून मी हे मागवलं."

"म्हणजे गुरू नाही."

"आजा आहे न, सर."

"मी गुरू म्हणालो."

किंगरी म्हणजे गोंडांच्या घरी पूर्वजांची नावं गाताना प्रधान जमातीचे गायक वाजवतात ते गजाचं वाद्य. ते किसनरावांनी कधी नीट ऐकलं नव्हतं, आणि न ऐकताच ते काय लायकीचं आहे हे त्यांना ठाऊक होतं. गोमाजीने हात जोडले.

"सात देवांची चाल वाजवते जी पोरगी. माही बोटं आता चालत नाई. माह्यानंतर ही चाल हिच्याचपाशी राहीन. खालच्या तारेवर देवाचं नाव पुकाराचं, अन् वरच्या तारेवर त्याचा जबाब. अशी सात नावं. नागपुरात एकदा वाजली का मी मोकळा."

"बरं, बरं," किसनराव म्हणाले आणि हात असा हलवला की माशी असती तर उडून गेली असती.

सुट्टी झाली. रिंकू आज्याला चहा पाजायला बाहेर पायऱ्यांवर घेऊन गेली. गोपालने तिचं वाद्य पडद्यामागच्या टेबलावर ठेवलं आणि सरांना म्हणाला, "पाहून घ्या निवांत." आणि तो कोथिंबिरीच्या सांबारवड्यांच्या मागे धावला.

वाद्य म्हणजे एक काळी दांडी. वर दोन खुंट्या. खाली, जिथे भोपळा, चामडं, काहीतरी पोट असायला हवं, तिथे नुसती वीतभर चौकट आणि तिच्यातून निघालेली वायर. पोटच नाही तर आवाज कुठून काढणार, मुंबईहून मागवणार? सरांना किळस आली. आणि मग त्यांना ते दिसलं.

गजाचे केस दोन तारांच्या मधात अडकलेले होते. एक तार अलीकडे, एक पलीकडे, आणि केसांचा पट्टा मधून गेलेला. गज वाद्यापासून सुटतच नव्हता.

चौतीस वर्षं व्हायोलिन शिकवलेल्या माणसाला गज कुठे असतो हे कोणी सांगायची गरज नव्हती. गज तारांच्या वर असतो. 'अरे देवा,' सरांच्या मनात आलं, 'या बयेला धड जोडताही आलं नाही! खोक्यातून जसं अडकून निघालं तसंच वाजवते आहे.' विचारायला रिंकू वीस पावलांवर होती. पण विचारणं हे न येणाऱ्यांचं काम. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी सरांना तिची दया आली. तुच्छतेला अधूनमधून असा दयेचा उमाळा येतो, आणि तेव्हा ती सगळ्यात जास्त नुकसान करते.

त्यांनी दोन्ही तारा छेडल्या. षड्ज आणि पंचम, पण मधे बारीक थरथर. त्यांनी नाक मुरडलं. मग बाहेरच्या तारेची खुंटी सैल केली, तारेचा फासा खालून सोडवला, गज अलगद बाहेर काढला, तार पुन्हा अडकवून ताणली आणि कान लावून बसले. खुंटी इकडे केसभर, तिकडे केसभर. सहा मिनिटं गेली. दोन्ही तारा मिळून एक झाल्या तेव्हाच ते थांबले. गज वाद्याशेजारी सरळ ठेवला, सभ्य वाद्यांचा ठेवतात तसा. एवढं करून उंटावरचा शहाणा खाली उतरला, त्याने रुमालाला हात पुसले आणि उरलेल्या दोन सांबारवड्या खाल्ल्या.

सुट्टीनंतर पहिलं नाव रिंकूचंच होतं. ती स्पीकरला वायर जोडत होती तोवर गोपालने वाद्य पडद्यामागून आणून तिच्या जागेवर ठेवलं. ती मांडी घालून बसली. किसनरावांनी घड्याळ चालू केलं. तिने गजाला हात घातला, आणि अख्खा गज सुटून हातात आला.

क्षणभर ती त्याच्याकडे पाहतच राहिली. मग तिने गज बाहेरून तारांना लावून ओढून पाहिला. बाहेरची तार तेवढी बोलली. आतली तिच्या आड होती, तिला गज पोचेना. तिने दोन्ही तारा बोटाने एकदम छेडल्या. आवाज स्पीकरमधून सभागृहभर पसरला, स्वच्छ. तिने मान तिरकी केली आणि तो पार विरेपर्यंत ऐकला. मग तिने परीक्षकांच्या टेबलाकडे पाहिलं. किसनरावांना वाटलं, आभार मानत असेल.

आणि तिने खुंटी सैल करायला घेतली.

"काय झालं वं बाई?" गोपालने विंगेतून विचारलं.

"गज मधात टाकाचा आहे, दादा. याचा गज तारांच्या मधातच राह्यते. कोनं काढला मालूम नाई." समोरचा माईक चालू होता. सगळ्या सभागृहाने ऐकलं.

किसनरावांनीही ऐकलं. त्यांचे कान तापले. घड्याळात एक मिनिट दहा सेकंद झाले होते.

मागून कोणीतरी ओरडलं, "करंट नाई आला वाटते!" हशा पिकला. रिंकूने वर पाहिलं नाही. तिने तार सोडवली, गजाचे केस मधून नेले, फासा पुन्हा अडकवला. थोड्या वेळात दोनदा सोडलेली तार सारखी उतरत होती. ती ताणायची, तार उतरायची, ती पुन्हा ताणायची. सरांना आठवलं ते सगळे पाहुण्यांसमोर भांडी घासणारे, ज्यांना ते अठरा वर्षं हसले होते. ते मनात म्हणाले, तिने आधीच सांगायला नको होतं का, असल्या विचित्र वाद्यावर पाटी लावायला नको होती का. पण आत कुठेतरी वडनेरच्या बापाचा आवाज स्पष्ट विचारत होता, 'तुले कोनं सांगतलं होतं हात लावाले? काऊन लावला बे?' घड्याळात तीन मिनिटं चाळीस.

मग तिने वाजवायला सुरुवात केली.

सरांना ते आवडून घ्यायचं नव्हतं. कान मात्र त्यांच्या मालकीचे असूनही त्यांचं ऐकत नव्हते. आतल्या, खालच्या सुराच्या तारेवर तिने हाक घातली, जड, घसा बसलेल्या माणसाने शेतातून घालावी तशी. बाहेरच्या तारेवर जबाब आला. पहिलं नाव. पहिल्या रांगेत गोमाजीचे ओठ हलले. दुसरं नाव. हशा कधी थांबला ते कोणाला कळलं नाही. तिसरं, चौथं. जिच्याखाली बोट टेकवायला पट्टीच नाही, अशा हवेतल्या तारेवर ती सूर नेमका पकडत होती, एकदाही न घसरता. हे किती अवघड आहे हे त्या सभागृहात फक्त किसनरावांना कळत होतं. ते मोजू लागले. पाच नावं झाली, दोन राहिली. अजून सव्वा मिनिट हवं होतं. घड्याळात सात मिनिटं पन्नास.

शोभाबाई त्यांच्याकडे झुकल्या. "सर, राहू द्या घंटा. तिचं वाद्य कोनीतरी खोललंतं."

"नियम आहे," सर म्हणाले.

आज घंटा वाजवली नाही तर लोक विचारतील, आजच का? अठरा वर्षांत कोणासाठी थांबली नाही ती आजच का थांबली? या प्रश्नाला एकच उत्तर होतं, आणि ते देण्यापेक्षा घंटा हलवणं सोपं होतं. त्यांनी ती हलवली.

रिंकू त्याच सुरावर थांबली. गोमाजीचे ओठ सहाव्या नावासाठी उघडले होते, ते तसेच राहिले.

दुपारी गुणांची बेरीज झाली. अंकुश पहिला, रिंकू दोन गुणांनी मागे. अपुऱ्या वादनाचे पाच कापले नसते तर ती तीन गुणांनी पुढे होती. हे गणित शोभाबाईंनी कागदावर मांडून सरांपुढे सरकवलं.

"सर, वाद्य कोनं खोललं ते शोधलं पाह्यजे. मंडळाच्याच मानसाची चूक असंन तं तिले पुन्हा वाजवू देता येते. तुमचाच नियम आहे तो."

होता खरा. नवव्या कलमात. किसनरावांना एक शब्द बोलायचा होता, 'मी'. समोरच्या बाईला तो ऐकू आला असता, गोपालला कळला असता, संध्याकाळपर्यंत चार घरांत गेला असता, आणि दोन दिवसांत लोक विसरले असते, कारण लोकांना सुराचं काही पडलेलं नसतं हे त्यांचंच म्हणणं होतं. तेवढ्यासाठी एका पोरीची एकुलती एक संधी परत आली असती. पण हा माणूस मुळात भेकड होता. आयुष्यभर इतरांना कमी लेखत आला, आणि त्याला ताठ कणा समजत आला.

"स्पर्धकाने आपलं वाद्य आपणच सांभाळायचं असतं," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

म्हणजे ज्या अंकुशच्या बटणांची त्यांना शिसारी होती, त्यालाच त्यांनी नागपूरला पाठवलं. त्याचे फोटो निघू लागले. रिंकूने वायर गुंडाळली, वाद्य पिशवीत घातलं आणि आज्याला घेऊन ती परीक्षकांच्या टेबलाशी आली. स्पर्धा संपल्यावर परीक्षकांच्या पाया पडायची इथे रीतच होती. ती शोभाबाईंच्या पाया पडली. किसनरावांपुढे आली तेव्हा त्यांनी सवयीने आशीर्वादाचा हात थोडा उचलला. ती वाकली नाही.

"प्रयत्न बरा होता," सर म्हणाले. "पुढच्या वर्षी ये."

"पुढच्या साली सव्वीस लागते, सर."

"हं."

"एक सांगाचं होतं." ती हळूच, अगदी आदराने बोलत होती. "मी तारा मोबाईलमधल्या सुराच्या काट्यावर लावते. दोन्ही संग छेडल्या का बारीक थरथर राह्यतेच. तीन वर्सं झाली, लय करून पाह्यलं, जात नाई. आज मंचावर छेडलं तं थरथरच नोती. एकच आवाज. असं मी कधी ऐकलंच नोतं. असा कान इथं कोनाले आहे ते सकाळीच माईकवर सांगतलंतं. तवाच समजलं मले. सूर लय सुंदर लावलाता, सर. मले तो उतरवा लागला."

चाळीस वर्षं वाट पाहिलेलं वाक्य शेवटी आलं होतं.

शोभाबाई खुर्चीत वळल्या. "सर? तुमी?"

"मले वाटलं..." किसनराव म्हणाले. पन्नास वर्षांपूर्वी टाकलेला शब्द तोंडातून निघाला.

रिंकू उत्तरासाठी थांबली नव्हती. गोमाजीला त्या थरथरीतलं काही कळलं नव्हतं. त्याने सगळ्यांना हात जोडले आणि नातीला म्हणाला, "चाल माय, गाडी जाईन. दोन नावं राह्यली, घरी जाऊन पुरी करू. अर्धी ठेवून चालत नाई." दारातून बाहेर पडता पडता त्याने सहावं नाव तोंडातल्या तोंडात धरलंही. ते सुरात होतं. किसनरावांनी ते नेमकं ऐकलं.

शोभाबाईंनी त्यांच्यापुढची घंटा उचलली, वाजू नये म्हणून आतला लोलक बोटांनी धरला, आणि ती आपल्या बाजूला ठेवली.